उरलेला चुना

रिनाकारा, मेयो
१ फेब्रुवारी १९९९

लाडक्या लोरेन,

तुला, ग्रेगला आणि दोन्ही पोरींना विनी आत्याचे आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल. इथे तीन आठवडे पाऊस थांबलेला नाही, म्हणजे आमचं सगळं नेहमीसारखं चाललंय.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन दारातच उभा राहून विचारतो, "काय विनी, अमेरिकेत कुणी गेलं की अमेरिकेतून कुणी येतंय?" पाकीट जाड असलं की या दोनांतलं एक असतं, हे त्याला माहीत. मी म्हटलं, "येतंय. मार्टिनची मुलगी, मे महिन्यात." संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बेसी बॅरेटनं तर पडदे धुवायला काढले. तू उतरणार माझ्याकडे, आणि पडदे धुतेय बेसी!

तुझे वडील जाऊन चार महिने झाले, तरी मला अजून ते खरं वाटत नाही. त्यांच्या मातीला मी नव्हते. ते अमेरिकेला गेले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात सगळं गाव नाचलं, आणि सकाळी आई बांधापर्यंत गेली नि तिथेच खाली बसली. तुला त्यांचं घर बघायचंय, त्यांची वाट, त्यांची शाळा. घराच्या भिंती आहेत, छप्पर नाही. शाळेत आता कुणीतरी मेंढ्यांची लोकर ठेवतं. पण वाट तशीच आहे, चिखलासकट.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. नॉकच्या विमानतळावरून गाडी घे, आणि आम्ही डाव्या बाजूनं चालवतो हे ग्रेगच्या डोक्यात नीट घाल. चांगल्या चपला आणू नकोस. आणि एक महत्त्वाचं: कुणाच्याही घरी गेलीस की ते चहा विचारतील. पहिल्यांदा नको म्हण. दुसऱ्यांदाही नको म्हण. तिसऱ्यांदा घे. पहिल्याच फटक्याला हो म्हणालीस तर अधाशी ठरशील, आणि तिसऱ्यांदाही नको म्हणालीस तर शिष्ट. मार्टिननं हे तुला शिकवलं नाही म्हणजे कमाल आहे.

तू काढलेला वंशवृक्ष सुंदर झालाय. आजीचं माहेर तेवढं दुरुस्त कर, ती बेटावरची होती. माझ्या आणि ऑस्टिनच्या नावांखाली तू 'मूलबाळ नाही' असं लिहिलंयस. ते सध्या पेन्सिलीनंच राहू दे.

तू आलीस की एक काम करायचं आहे. गावाच्या पलीकडे, समुद्रात घुसलेलं एक टोक आहे, तिथे मला जायचंय. वाट वाळूची, मध्ये दोन दगडी बांध चढावे लागतात, आणि माझा खुबा तर तुला माहीतच आहे. मला कुणाचातरी हात हवा, तोही रक्ताच्या माणसाचा. काय काम ते आल्यावर सांगेन. पण मेच्या पुढे ढकलू नकोस. समुद्र ते टोक खात चाललाय. गेल्या हिवाळ्यात माझा शेजारी अँथनी नीली याचं कुंपण खांबांसकट खाली गेलं. तो बिचारा अजून म्हणतो की कुंपण नाही, समुद्रच सरकलाय.

आज संत ब्रिजिडचा सण. लव्हाळ्याचे दोन क्रूस विणले. एक दारावर लावला, वर्षभर घर राखायला. दुसरा दरवर्षी विणते आणि ड्रॉवरमध्ये ठेवते.

केक जळायला लागलाय, थांबते.

तुझी आत्या,
विनी


रिनाकारा
१७ मे १९९९

लाडक्या लोरेन,

सगळ्यांना आशीर्वाद. पावसानं उघडीप दिली आहे. अँथनीनं दलदलीतून माझ्यासाठीही जळणाच्या मातीची ढेकळं कापून वाळत घातली आहेत, त्यामुळे हिवाळ्याची काळजी नाही.

तू फोनवर सांगितलंस की ग्रेगची नोकरी बदलली, धाकटीची शाळा संपतेय, समारंभ आहे, म्हणून यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी नक्की. मी म्हणाले, काही हरकत नाही. पुन्हा म्हणाले, काहीच हरकत नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, अगं खरंच काही हरकत नाही. तुझे वडील फोनवर असते तर त्यांना तिथेच कळलं असतं की हरकत आहे आणि मोठी आहे. तू अमेरिकेत वाढलीस. तुला शब्दच ऐकू येणार, त्यात तुझा काय दोष. एक दिवस मी तुझ्यावर रागावले होते. मग राग गेला आणि भीती वाटायला लागली. म्हणून हे लिहायला बसले. फोनवर मला असलं बोलता येत नाही.

आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं. संत ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या दिवशी मला मुलगी झाली. नर्सबाई सायकलवरून येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. ती रडली नाही. ती पोटातच गेली होती. मला तिचे केस दिसले, काळेभोर, ओले. बाकी सासूबाईंनी दिसू दिलं नाही. म्हणाल्या, "बघू नकोस विनी. बघितलं नाहीस तर विसरायला सोपं जाईल."

त्या वाईट नव्हत्या गं. त्यांनाही तसंच कुणीतरी सांगितलं असणार.

जिवंतपणी बाप्तिस्मा झाला नाही, म्हणून अशा बाळाला चर्चच्या पवित्र जमिनीत जागा नसे. नाव ठेवायचं नाही, प्रार्थना नाही, घंटा नाही. अशा बाळांसाठी प्रत्येक गावाबाहेर एक पडीक तुकडा असे. आमच्याकडे त्याला किलीन म्हणतात. रिनाकाराचं किलीन त्या टोकावर आहे. बापानं एकट्यानं जायचं, उजाडायच्या आत. डोक्याशी एक साधा दगड ठेवायचा, त्यावर काही कोरायचं नाही. आईला जागा सांगायची नाही. आणि मग कुणीही, कधीही, विषय काढायचा नाही. असाच रिवाज होता.

ऑस्टिननं चहाच्या मोठ्या पेटीच्या फळ्या काढून छोटी पेटी केली. एका फळीवर 'सिलोन' असं छापलेलं होतं. ती अक्षरं त्यानं आतल्या बाजूला वळवली, मी पलंगावरून बघत होते. पेटी काखेत आणि हातात फावडं घेऊन तो गेला. उजाडल्यावर परत आला, हात धुतले, आणि गाय दोहायला गेला.

पुढे आम्हाला मूल झालं नाही.

आता चुन्याचं सांगते, कारण माझं सगळं त्या चुन्यावर अडलंय.

दर जूनमध्ये ऑस्टिन घराला चुना लावायचा. पहिल्या वर्षी मला वाटलं, याचा अंदाज चुकला, कारण पाव बादली उरली. म्हणाला, "उरलेला मेंढवाड्याला लावून येतो." आणि बादली घेऊन टोकाकडे निघाला. मेंढवाडा घराच्या मागे आहे, लोरेन. टोक बरोबर उलट्या दिशेला. दुसऱ्या वर्षीही उरला. तिसऱ्या वर्षीही. तो जिवंत असेपर्यंत दर जूनमध्ये पाव बादली चुना उरत आला, आणि आमच्या मेंढवाड्याला जन्मात कधी चुना लागला नाही.

मी विचारलं नाही. तोही बोलला नाही. त्या दिवशी तो घरी परतायचा तेव्हा जेवण गरम असायचं आणि माझे डोळे पुसलेले असायचे. एवढंच मी त्याच्यासाठी करू शकत होते.

म्हणजे त्या सगळ्या करड्या दगडांमध्ये एकच दगड पांढरा आहे. माझ्या मुलीचा. मी तो कधी पाहिलेला नाही. ऑस्टिन असेपर्यंत गेले नाही, कारण ते त्याचं होतं. तेवढं एकच त्याला तिच्यासाठी करता येत होतं, आणि त्यात मी पाय घालावा असं वाटलं नाही. तो गेल्याला दोन वर्षं झाली. इथल्या वाऱ्यापावसात चुना फार टिकत नाही. तो पुरता धुऊन गेला की तोही दगड इतरांसारखाच दिसेल, आणि मग ती मला कधीच सापडणार नाही. त्याच्याआधी समुद्र पोचला तर तेही संपलं.

तू म्हणशील, गावातल्या कुणाला का सांगत नाहीस. अगं, कसं सांगू? अँथनी रोज माझ्या दारावरून जातो. चांगला माणूस आहे, पण ब्रह्मचारी, आणि मी त्याच्यासमोर 'बाळंतपण' हा शब्द उच्चारला तर तो ट्रॅक्टर खड्ड्यात घालेल. आणि इतकी वर्षं जे कुणी बोललं नाही ते मी एकदम चौकात आणून ठेवायचं? माझी जीभ उचलत नाही. तू लांबची आहेस आणि तरी घरची आहेस. तुला लिहितानासुद्धा तीन कागद फाडले.

यंदाच ये, पोरी. ऑक्टोबरात ये, चार दिवस का होईना. मी हे एकदाच म्हणते आहे आणि पहिल्यांदाच खरं म्हणते आहे.

तुझी
विनी आत्या


रिनाकारा
२८ सप्टेंबर १९९९

लाडक्या लोरेन,

आशीर्वाद. हे पत्र तू निघण्याआधी तुझ्या हाती पडावं म्हणून अँथनी ते स्वतः बेलमलेटच्या मोठ्या पोस्टात नेऊन टाकणार आहे. तू इथे येऊन दारात हसत उभी राहशील आणि मला तुला तिथे सांगावं लागेल, ते मला झेपणार नाही.

तुझी तिकिटं झाली असं कळलं तेव्हापासून मी दिवाळखोर माणसाला घबाड मिळावं तशी वागत होते. ऑस्टिनची बादली घासून ठेवली. चुना आणवला. अँथनीनं पोतं आत ठेवलं आणि विचारलं, "आता या दिवसांत घर रंगवतेस होय?" मी म्हटलं, "भाची येतेय ना." तो काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "वारा फिरलाय." मी म्हटलं, "फिरलाय खरा."

तो वारा गेल्या मंगळवारी आला. वायव्येचा, आणि नेमका मोठ्या भरतीचा. दोन दिवस घराबाहेर पाऊल टाकता आलं नाही. मी खिडकीपाशी बसून होते. टोक तिथून दिसत नाही, नुसता फेस वर उडताना दिसतो. मी जपमाळ घेतली होती, पण प्रार्थनेऐवजी एकच वाक्य म्हणत होते: अजून तीन आठवडे, अजून तीन आठवडे.

गुरुवारी सकाळी वारा पडला. मी कोट चढवला, काठी घेतली आणि अँथनीच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

"अँथनी, मला टोकावर ने."

"मेंढ्या मी बघून आलोय विनी. सगळ्या आहेत."

"मेंढ्यांसाठी नाही."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. बराच वेळ ती हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "ट्रॅक्टर काढतो." कशासाठी, ते विचारलं नाही.

ट्रॅक्टरच्या मागच्या लोखंडी पेटीत, ज्यात तो आजारी मेंढी नेतो, त्यात त्यानं घरातली उशी ठेवली आणि मला बसवलं. चुन्याची बादली मी मांडीत धरली होती. बांधांचे दगड त्यानं हातांनी काढून वाट केली. टोकावर पोचल्यावर मी म्हणणार होते की हळू घे, मला शोधायचंय. पण तो शोधत नव्हताच. गवतातून सरळ गेला, डावीकडे वळला, आणि एका जागी थांबला. पुढे कडा होता. नवा, ओला, लाल मातीचा.

तो खाली उतरला आणि तिथे बघतच राहिला.

"इथंच होता," तो म्हणाला.

"काय इथं होतं?"

"तुमचा दगड."

लोरेन, मी बादली खाली ठेवली. मी विचारलं, तुला कसं माहीत? तो माझ्याकडे न बघता बोलत होता. ऑस्टिनच्या शेवटच्या जूनमध्ये त्याला बादली उचलवत नव्हती. अँथनीनं ती इथवर आणून दिली. ऑस्टिननं दगडाला चुना लावला आणि म्हणाला, "मी नसेन तेव्हा तू लावशील का?"

"मग मी लावत आलो," अँथनी म्हणाला. "तीन जून झाले. या जूनमध्येही लावला होता विनी. चांगला दोन हात. पांढराशुभ्र होता गं, अगदी गेल्या आठवड्यापर्यंत."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"रोज माझ्या दारावरून जात होतास!"

"रोज वाटायचं, आज सांगावं. मग तू हवेचं काढायचीस. मला वाटायचं, हिला नको आहे विषय. मग मीही हवेचं बोलायचो."

तीन जून, लोरेन. ट्रॅक्टर शेजारी होता, माणूस शेजारी होता, दगड पांढरा होता. पाव तासाची वाट. एक प्रश्न मी विचारला नाही आणि एक वाक्य तो बोलला नाही, कारण दोघंही एकमेकांचं मन जपत होतो. आमच्या या सभ्यपणाला आग लागो. मी तिथे उभी राहून ओरडले. बाळंतपणात ओरडले नव्हते, सासूबाईंनी ओरडू दिलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी ओरडले. अँथनीनं माझ्या कोटाची बाही घट्ट धरून ठेवली होती, मी कड्याच्या फार जवळ होते म्हणून. तोही रडत होता. साठीचा माणूस, टोपी तोंडावर धरून.

खाली किनाऱ्यावर दगडच दगड पडलेले. सगळे समुद्रानं धुतलेले, सगळे करडे. अँथनी खाली उतरून भरती येईपर्यंत शोधत फिरला. चुन्याचा ठिपका असलेला एकसुद्धा मिळाला नाही.

मी वर बसून होते. तिची जागा गेली, पण बाकीच्या बऱ्याच बाळांची अजून आहे. गवतात बुडालेले, वाकडे, ओळखू न येणारे दगड. बादली माझ्याजवळ तशीच होती. चुना परत घरी न्यायचा? मग मी काठी ठेवली, गुडघ्यांवर बसले आणि जवळच्या दगडाला लावायला सुरुवात केली. कुणाचा होता कोण जाणे. मग त्याच्या शेजारच्याला. अँथनी वर आला, त्यानं गवत उपटायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, कारण काम संपलं नव्हतं. पांढरे दगड रस्त्यावरून दिसायला लागले होते, त्यामुळे गावात कुजबुज झाली असणारच. दुपारी बघते तर बांधापाशी बेसी बॅरेट उभी. तीच, पडदेवाली. पाच मुलगे वाढवलेली, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी, मला वाटलं आता हिची बोलणी खावी लागणार. ती बराच वेळ आत आली नाही.

मग म्हणाली, "चुना उरलाय का गं विनी?"

मी ब्रश पुढे केला. तिनं तो धरला. "माझा कुठला ते मला माहीत नाही," म्हणाली. "त्यानं कधी सांगितलंच नाही. तोही गेला."

मी म्हटलं, "मग सगळेच लाव."

बेसीशी मी चाळीस वर्षं लोणी, पडदे आणि पावसावर बोलत आले. त्या दुपारी आम्ही दुसऱ्या कशावर बोललो असं नाही. पण जाताना तिनं माझा हात धरला तो घराच्या फाटकापर्यंत सोडला नाही.

आता तुझ्याबद्दल. तिकीट रद्द करू नकोस, मी हात जोडते. तुला दाखवण्यासाठी जे राखून ठेवलं होतं ते उरलेलं नाही. मन असं रिकामं झालंय की चहाचा कप हातात धरून मी कुठे निघाले होते तेच विसरते. पण तू ये. तुझ्या वडिलांचं घर बघ, शाळा बघ, बेसीकडे तिसऱ्यांदा चहा घे. आणि मग एका दुपारी माझ्याबरोबर टोकावर चल. ड्रॉवरमध्ये लव्हाळ्याचे क्रूस आहेत, दर ब्रिजिडच्या सणाचा एक. जुन्यांना हात लावला की ते तुटतात. ते सगळे मला कड्यावरून समुद्रात सोडायचे आहेत. ती आता तिकडे आहे, तर तिच्या वाढदिवसांचे तिच्याकडे जाऊ देत. अँथनी येईल, पण तो लांब उभा राहतो म्हणाला. मला तू शेजारी हवी आहेस.

आणि तुझा तो वंशवृक्ष बरोबर आण. आमच्या नावांखाली पेन्सिलीनं लिहिलेलं खोड. तिथे शाईनं एक नाव लिहायचं आहे. ते मी ऑस्टिनपाशीसुद्धा कधी मोठ्यानं उच्चारलेलं नाही. ते खाली सहीत आहे. आहे तसं उतरवून घे.

तुझी आत्या विनी,
ब्रिडीची आई